लाइट गेली आणि रेघ सरळ झाली : ड्रॉइंग टॅब्लेटचं पेन नीट चालत नसेल तर

ज्यांचं नेट सिटी बसमध्ये गेलं आणि एपिसोड अर्ध्यावर अडकला, त्यांच्यासाठी आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी, हा या भागाचा लिखित मजकूर. बोलतानाचे "अं" आणि "म्हणजे" बऱ्यापैकी काढलेत. सगळे नाही.

मी राहते हर्सूलला. छत्रपती संभाजीनगरातून जळगाव रोडने अजिंठ्याच्या दिशेला निघालात की हर्सूल टी पॉइंट लागतो, तिथून पुढे आमचं गाव. गाव म्हणायचं, बाकी आता शहरच झालंय. बाहेरच्यांना हर्सूल म्हटलं की आधी जेल आठवतं, आम्हाला तलाव आठवतो. काम काय करते, तर लग्नपत्रिकांसाठी चित्रं काढते. नवरा-नवरीचा फोटो पाठवा, मी त्याचं कार्टून करून देते. पाटलांकडच्या लग्नात नवरा बुलेटवर पाहिजे, कुणाला नवरी हातात स्टेथोस्कोप घेऊन पाहिजे. मजा असते. आणि सिझनमध्ये चार पैसेही सुटतात.

तर यंदा सिझन तोंडावर आला, एका पत्रिकेचा ॲडव्हान्स घेऊन झाला, आणि माझं पेन बिघडलं. निदान मला तसं वाटलं. त्या पत्रिकेत नवरीच्या अंगावर हिमरू शाल दाखवायची होती. हिमरू म्हणजे आपल्याच शहराचं सुती-रेशमी विणकाम. त्यात बारीक बारीक बुट्ट्या असतात, एकाला एक लागून. फुलाची पाकळी, तिचं टोक, परत वळण. असल्या कामात रेघ जरा हलली तरी लगेच दिसते. आणि माझी प्रत्येक रेघ थरथरत होती. जशी म्हाताऱ्या माणसाची सही.

तीन आठवडे त्यात गेले. त्या तीन आठवड्यांत जे शिकले ते आज सांगतेय. शेवटी ते प्रकरण पेनातून निघून आमच्या फ्रिजपर्यंत कसं गेलं, तेही.

आधी एक खुलासा. टॅब्लेट म्हटलं की अनेकांना मोठा मोबाईल आठवतो. मी बोलतेय ते ड्रॉइंग टॅब्लेटबद्दल. काळी सपाट प्लास्टिकची पाटी, तिला स्क्रीन नसतो, ती लॅपटॉपला किंवा फोनला वायरने जोडायची आणि पेनाने त्यावर काढायचं. मी तिला पाटीच म्हणते. आता इथून पुढे पाटी म्हटलं की तीच.

या पाटीचं पेन कसं चालतं ते कळलं की अर्धं दुरुस्तीचं काम झालं समजा. बहुतेक पेनांत सेल नसतो, चार्जिंग नसतं. मग ते जिवंत कसं? पाटीच्या आत तारांची जाळी असते, बारीक वेटोळ्यांची. ती वेटोळी सेकंदाला लाखो वेळा थरथरणारं चुंबकीय क्षेत्र सोडतात. पेनाच्या टोकाजवळ एक छोटं वेटोळं आणि एक कपॅसिटर असतो. पाटीने हाक मारली की पेनातलं वेटोळं त्याच सुरात गुणगुणायला लागतं, आणि पाटी क्षणभर स्वतः गप्प बसून ते गुणगुणणं ऐकते. कुठल्या वेटोळ्याला आवाज मोठा आला, त्यावरून पेन कुठे आहे ते तिला कळतं. हाक, उत्तर, हाक, उत्तर, असं सेकंदात कितीतरी वेळा. तुम्ही निब दाबलीत की पेनाच्या आतला तो सूर किंचित बदलतो आणि पाटी म्हणते, अच्छा, जोर वाढला. खोक्यावर "८१९२ प्रेशर लेव्हल" लिहिलेलं असतं ना, ते हेच. जोराच्या तेवढ्या पायऱ्या ती मोजू शकते, असा दावा.

कल्पना तशी जुनी आहे. १९६४ मध्ये अमेरिकेत रँड कॉर्पोरेशनने १० इंच बाय १० इंचाची एक पाटी बनवली होती, तिच्यात इंचाला १०० याप्रमाणे तांब्याच्या रेघांची जाळी होती. पण तिच्या पेनाला वायर होती. बिनवायरचं, बिनसेलचं पेन नावारूपाला आणलं ते जपानच्या वॅकॉम कंपनीने, जी १९८३ मध्ये सुरू झाली. सॅमसंगच्या नोट आणि अल्ट्रा फोनमधलं पेनसुद्धा याच तत्त्वावर चालतं.

आता यातून एक गोष्ट लक्षात घ्या. पेनाचं उत्तर अतिशय बारीक आवाजातलं असतं. शेजारी गोंगाट असेल तर पाटीला ते नीट ऐकू येत नाही. लग्नाच्या मांडवात बँड चालू असताना कुणी कानात फोन नंबर सांगितला तर काय होतं? दोन आकडे चुकतात. पाटीचंही तेच होतं, तिला पेनाची जागा एक-दोन ठिपके इकडे-तिकडे ऐकू येते. ती थरथर.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी केलं काय, तर जे सगळे करतात तेच. पेन आपटलं. मग निब बदलली.

निब बदलणं वाईट नाही, उलट पहिल्यांदा तेच बघा. वापरून वापरून निब एका बाजूने छिन्नीसारखी झिजते, तिला धार येते आणि ती पाटीवर चरे पाडते. खोक्यात जास्तीच्या निब येतात, बऱ्याचदा पेन ठेवायच्या स्टँडच्या पोटात लपवलेल्या. स्टँड फिरवून उघडून बघा, अनेकांना वर्षभर पत्ताच नसतो. निब काढताना छोटी रिंग असते त्याने सरळ ओढा, दाताने नाही. हो, मी दाताने काढायचे.

निबशी संबंधित दुसरी भानगड म्हणजे पेन वर उचललेलं असतानाही रेघ उमटत राहते. पाटीच्या ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये जोर दाखवणारी पट्टी असते. पेन हवेत धरा. पट्टी शून्यावर पाहिजे. तसं नसेल तर निब आत अडकलीय किंवा आतला जोर मोजणारा भाग दबून बसलाय. पेन खाली पडलं की बरोबर टोकावरच पडतं, त्याचा हा प्रसाद. निब काढून, पुसून परत घालून बघा. तरी पट्टी खाली येत नसेल तर मात्र पेनच गेलं, तिथे माझा इलाज नाही.

माझी पट्टी शून्यावर होती. नवीन निब घातली. थरथर तशीच.

मग ड्रायव्हर. इथे जरा थांबते, कारण तुमच्यापैकी दहातल्या सातांचा त्रास इथेच असणार. हा माझा अंदाज हां, सर्व्हे वगैरे नाही. खरं तर लक्षणावरून जागा ओळखता येते. पेन चालतंय पण माऊससारखं, म्हणजे कितीही दाबा रेघ एकाच जाडीची? मग जोराची माहिती सॉफ्टवेअरपर्यंत पोचत नाहीये. विंडोजमध्ये ही माहिती दोन वाटांनी जाऊ शकते, एक जुनी विनटॅब आणि एक मायक्रोसॉफ्टची विंडोज इंक. ड्रायव्हर एका वाटेवर आणि चित्राचं सॉफ्टवेअर दुसऱ्या वाटेवर उभं असेल तर भेट कशी होणार? दोन्हीकडे एकच वाट निवडा. क्रिता वापरत असाल, जे फुकट आहे आणि माझ्या मते सुरुवातीला पुरेसं आहे, तर त्याच्या टॅब्लेट सेटिंगमध्ये हा पर्याय मिळतो, आणि तिथेच टॅब्लेट टेस्टर नावाचं बटण आहे. त्यात रेघ मारली की जोराचे आकडे डोळ्यांसमोर येतात. आकडे येताहेत पण चित्रात जाडी बदलत नाही, तर दोष ब्रशच्या सेटिंगचा. आकडेच येत नाहीत, तर दोष त्याच्या आधी कुठेतरी.

रेघ सुरू व्हायला उशीर लागतो, टेकवलं की गोल वर्तुळ फिरतं आणि मग उजव्या क्लिकचा मेनू उघडतो? ती विंडोजची "दाबून धरा" सोय आहे. कंट्रोल पॅनलमध्ये पेन अँड टच उघडून ती बंद करा. पेन एकीकडे आणि बाण दुसरीकडे? मॅपिंग बघा, विशेषतः दुसरा मॉनिटर जोडला असेल तर. आणि आधी दुसऱ्या कंपनीची पाटी वापरली असेल तर तिचा जुना ड्रायव्हर आत बसलेला असतो. दोन ड्रायव्हर म्हणजे दोन सासवा, दोघी सूचना देणार. दोन्ही काढा, मशीन रीस्टार्ट करा, मग चालू पाटीचा ड्रायव्हर कंपनीच्याच साईटवरून घ्या. मॅकवाल्यांनो, तुमच्याकडे ड्रायव्हर टाकूनही पेन मुकं राहिलं तर प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये जाऊन ॲक्सेसिबिलिटी आणि इनपुट मॉनिटरिंगची परवानगी दिलीय का बघा.

आता फोनवाले, म्हणजे तुम्ही बहुतेक सगळे. पाटी फोनला जोडायला ओटीजी लागतं. काही फोनमध्ये ओटीजी सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं, आणि दहा मिनिटं काही जोडलेलं नसलं की ते आपोआप बंद होतं. चहा पिऊन आलात आणि पेन मेलेलं, तर आधी हे बघा. दुसरं, वायर. मोबाईलबरोबर किंवा रस्त्यावर मिळणाऱ्या काही वायरी फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांतून माहिती जातच नाही. पाटीवरचा दिवा लागतो, आपण खुश, पण पेन काही हलत नाही. पाटीबरोबर आलेलीच वायर वापरा. तिसरं, फोन उभा आणि पाटी आडवी, त्यामुळे बऱ्याच पाट्या फोनला जोडल्या की त्यांचा एक भागच चालतो. बाकीच्या जागी पेन फिरवून काही होत नाही, ते बिघडलेलं नसतं. आणि शंभर रुपयांत रबरी टोकाचं जे पेन मिळतं ते या प्रकारात बसतच नाही. ते म्हणजे काडीला लावलेलं बोट. त्याला जोर कळत नाही, कितीही सेटिंग करा.

असो. माझ्या ड्रायव्हरचं मी सगळं केलं. दोनदा. थरथर तशीच.

मग मी पाटी आणि पेन घेऊन शहरातल्या एका दुकानात गेले. दुकानाचं नाव घेत नाही. त्यांनी पाटी त्यांच्या कॉम्प्युटरला लावली, आणि काय सांगू, रेघ तारेसारखी सरळ! आपलं लहान मूल डॉक्टरकडे नेलं की कसं शहाण्यासारखं बसतं, तसं. दुकानदार म्हणाला, "ताई, पेन कधीकधी असं करतं, आतून लूज झालं असेल. नवीन घेऊन टाका." नवीन पेन १८०० रुपये. माझ्या त्या पत्रिकेचा ॲडव्हान्स होता २०००. मी घरी आले, लावलं, परत थरथर. रडायची बाकी होते.

पैसे देऊन टाकणार होते. पण माझ्या मैत्रिणीकडे, ती कॅनॉटजवळ राहते, अगदी हेच मॉडेल आहे. तिचं पेन एक दिवस मागून आणलं. तिचं पेन माझ्या घरी, थरथर. माझं पेन तिच्या घरी, सरळ. माझी पाटी तिच्या घरी, सरळ. म्हणजे पेन सुटलं, पाटी सुटली. दोघांची निर्दोष मुक्तता. मग राहिलं काय? माझा लॅपटॉप आणि माझं घर.

इथे एक चाचणी सांगते, फार कामाची आहे. पाटीवर प्लास्टिकची फूटपट्टी तिरकी ठेवा आणि तिच्या कडेने पेन अगदी सावकाश ओढा. स्टीलची पट्टी नको, धातूनेच गडबड होते. जोरात ओढलेल्या रेघेत दोष लपतो, सावकाश रेघेत दिसतो. तिरक्या सावकाश रेघेत किंचित लाट चांगल्या पाटीतही येऊ शकते, तेवढं सोडून द्या. आता बघा, रेघ एकाच ठिकाणी वाकते का? तर तिथे खाली काहीतरी आहे, टेबलाचा लोखंडी अँगल, स्पीकर, लोहचुंबक. चुंबकाच्या बटणाचं फ्लिप कव्हर असलेला फोन शेजारी असेल तर तोही. जागा बदलून बघा. की रेघ सगळीकडे सारखीच थरथरते? मग गोंगाट विजेतून येतोय.

माझी सगळीकडे सारखी. पण तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. प्रकाश गेल्यावर पडला.

झालं असं की संध्याकाळी मी बसले होते बुट्ट्या काढत, आणि लाइट गेली. आमच्याकडे वारा जोरात सुटला तरी जाते. माझ्या लॅपटॉपची बॅटरी म्हातारी आहे, चार्जर काढला की आठ-दहा मिनिटं तग धरते, म्हणून मी कायम चार्जर लावूनच काम करते. अंधारात घाईघाईने फाइल सेव्ह केली आणि चालू होती ती पाकळी पूर्ण करावी म्हणून पेन टेकवलं. रेघ सरळ. दुसरी पाकळी. सरळ. मी अंधारात बसून आठ मिनिटांत तेवढ्या बुट्ट्या काढल्या जेवढ्या आठ दिवसांत काढल्या नव्हत्या. मग लॅपटॉप बंद पडला. अर्ध्या तासाने लाइट आली, चार्जर लावला, पेन टेकवलं. थरथर हजर!

तर मंडळी, या भागातली सर्वांत सोपी चाचणी हीच आणि ती मी सगळ्यात शेवटी केली. चार्जर काढा आणि रेघ मारून बघा. दहा सेकंदांचं काम.

असं का होतं? चार्जरच्या आत घरातली २३० व्होल्टची वीज अतिशय वेगाने चालू-बंद करून खाली आणली जाते, सेकंदाला हजारो-लाखो वेळा. म्हणजे चार्जरचा गोंगाट आणि पाटीचं गुणगुणणं साधारण एकाच मोहल्ल्यातले. हा गोंगाट बाहेर पडू नये म्हणून चार्जरमध्ये गाळणी असते, आणि ती गाळलेला कचरा टाकते अर्थिंगच्या वायरीत. थ्री-पिन प्लगची ती वरची जाडी, लांब पिन. आता ती पिन कुठे जोडलेलीच नसेल तर? कचरा लॅपटॉपच्या अंगावर, तिथून वायरीने पाटीवर. फोन चार्जिंगला लावून गेम खेळताना टच आपोआप उड्या मारतो, हा अनुभव घेतलाय ना? तो स्वस्त चार्जरचा गोंगाट. तोही याच घराण्यातला.

माझा चार्जर थ्री-पिन होता, पण खोलीतल्या बोर्डात तो बसत नव्हता म्हणून मीच बाजारातून टू-पिनचा कन्व्हर्टर आणून लावला होता, ३० रुपयांचा. म्हणजे चोर मीच. कन्व्हर्टर काढला, एक्स्टेन्शन बोर्ड आणून तो स्वयंपाकघरातल्या थ्री-पिन सॉकेटला लावला, आणि म्हटलं, चला, संपलं.

थरथर तशीच!

आता मी खरंच चक्रावले. अनवाणी उभी होते, डावा हात लॅपटॉपच्या धातूच्या कडेवर ठेवला तर मनगटाला बारीक झिणझिण्या. आई तिथेच पोळ्या लाटत होती. तिला म्हटलं, "आई, इथे हात लाव, काही होतंय का?" ती हात न लावताच म्हणाली, "फ्रिजला होतं तसं का? मी तर चप्पल घालूनच उघडते बाई फ्रिज."

मी विचारलं, कधीपासून?

"झाले की दोन-तीन वर्षं. ओल्या हाताने नाही लावायचा, बस."

[इथे रेकॉर्डिंगमध्ये मी थोडा वेळ गप्प आहे. ते कापलं नाही.]

त्या घरात माझ्या दादाची पोरगी आहे, पाच वर्षांची, जी दिवसातून दहादा फ्रिज उघडते. अनवाणी. आईने तिला "आजी देते हं" म्हणून फ्रिजपासून लांब ठेवायची सवय लावली होती, आणि आम्हाला वाटायचं आजी लाड करते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वायरमन काकांना बोलावलं. लायसन्स असलेले. हे मुद्दाम सांगते, कारण सॉकेट उघडून मीटर लावायचं काम व्हिडिओ बघून करायचं नाही, पेन टॅब्लेटची दुरुस्ती आणि ही दुरुस्ती एक नाही. त्यांनी मीटरने तपासलं. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, ठीक. फेज आणि अर्थिंगमध्येही जवळपास तेवढंच यायला पाहिजे. मीटरवर आकडा तरंगत होता, धड काहीच नाही. म्हणजे सॉकेटला तिसरं भोक आहे, भोकामागे वायर आहे, पण ती वायर जमिनीपर्यंत पोचतच नाही. शोधत शोधत अंगणात गेलो. तीन वर्षांपूर्वी अंगणात फरशी बसवली होती. मिस्त्रीने खोदताना अर्थिंगची पट्टी तोडली आणि वरून सिमेंट ओढून मोकळा झाला. कुणाला काय कळणार? दिवे लागत होते, पंखे फिरत होते. अर्थिंग नसल्याने काहीच बंद पडत नाही. तीच तर पंचाईत.

काकांनी एक फरक नीट समजावला, तो तुमच्यासाठीही सांगते. लॅपटॉपच्या झिणझिण्या चार्जरमधल्या गाळणीमुळे येतात. प्रवाह अगदी किरकोळ, बिनअर्थिंगच्या बोर्डावर चांगल्या लॅपटॉपलाही येतात. त्रासदायक, पण सहसा घातक नाही. फ्रिजच्या झिणझिण्यांना मात्र "सवय आहे" म्हणायचं नाही. फ्रिजच्या आत कुठेतरी वीज गळतेय. अर्थिंग असेल तर ती गळती जमिनीत जाते, जास्त झाली तर फ्यूज उडतो. अर्थिंग नसेल तर ती दारात उभी राहून वाट बघते, कोण हात लावतंय याची. आज झिणझिण्या, उद्या आतल्या वायरीचं आवरण पूर्ण फाटलं तर पत्र्यावर सगळे २३० व्होल्ट. शेजारी कुणीतरी सल्ला दिला होता की सॉकेटमध्ये न्यूट्रललाच अर्थिंगचा तुकडा जोडून टाका, काम भागतं. त्यावर काका एवढे भडकले! न्यूट्रल कुठे तुटली की घरातल्या प्रत्येक पत्र्यावर वीज येते, म्हणाले. असं कुणी करत असेल तर करू देऊ नका.

मग नवीन अर्थिंग. पहारीने खड्डा घेतला. आमच्याकडे हातभर मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा दगड, घामाघूम झाले दोघं. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर झाकण. कोळसा आणि मीठ ओलावा धरून ठेवतात. ओल असेल तरच जमीन वीज घेते, कोरडा मुरूम घेत नाही. म्हणून उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी ओतावं लागतं. आणि संभाजीनगरात पाणी, तुम्हाला माहीतच आहे, नळाची वाट बघत दिवस मोजायचे. आई म्हणाली, भांडी विसळलेलं पाणी चालेल का? काका म्हणाले, पळेल.

त्याबरोबर बोर्डात एक आरसीसीबी बसवला, ३० मिलिअँपिअरचा. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांचा तो सतत हिशेब ठेवतो, आणि फरक पडला, म्हणजे वीज कुणाच्या अंगातून दुसऱ्या वाटेने चाललीय, की क्षणात बंद करतो. त्यावर टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघायचं. तो बसवल्या बसवल्या फ्रिज लावला आणि खटका पडला. तीनदा लावला, तीनदा पडला. फ्रिजमधल्या दिव्याच्या वायरीचं आवरण दाराच्या बिजागरीजवळ घासून गेलं होतं. ते बदललं. सगळं मिळून ६ हजारांच्या आत झालं. माझ्या पत्रिकेचे पैसे त्यात गेले, आणि थोडे दादाने घातले.

आणि पेन? खोलीतही थ्री-पिन सॉकेट घेतलं, चार्जर थेट त्यात. थरथर नव्वद टक्के गेली. उरलेली दहा टक्के रात्रीच यायची, दिवसा नाही, म्हणून परत डोकं खाजवलं. टेबलाला क्लिपने लावलेला एलईडी दिवा. त्याच्या पोटातही एक छोटा, स्वस्त चार्जरच असतो की. दिवा हातभर लांब सरकवला, गेली. फोनही आता पाटीवर ठेवत नाही, आणि मैत्रिणीचं पेन परत करेपर्यंत माझ्या पेनाशेजारी पाटीवर ठेवायचे, तेही चूक होतं. दोन पेनांनी एकाच वेळी उत्तर दिलं तर पाटी कुणाचं ऐकणार?

पत्रिका चार दिवस उशिरा दिली. नवरीकडच्यांनी कुरकुर केली, पण शालीवरच्या बुट्ट्या बघून गप्प बसले. १८०० चं पेन घेतलं नाही. कन्व्हर्टर मात्र फेकला नाही मी, ड्रॉवरमध्ये आहे, त्याच्यावर मार्करने "नाही" असं लिहून ठेवलंय, कारण आमच्या घरात वस्तू ड्रॉवरमधून आपोआप बाहेर येतात.

ऐकणाऱ्यांपैकी कुणाचं पेन असंच थरथरत असेल तर चार्जर काढून आणि लावून, दोन्ही वेळच्या सावकाश तिरक्या रेघांचा फोटो काढा आणि शेजारी शेजारी ठेवून बघा. फरक दिसला तर घरात जो स्वयंपाकघरात सगळ्यात जास्त वावरतो त्याला विचारा, फ्रिजला, गिझरला, वॉशिंग मशीनला हात लावताना काही होतं का. नीट विचारा, पहिल्यांदा "काही नाही" असंच उत्तर येईल. आईने पण आधी तीन वर्षं तेच सांगितलं असतं, फक्त तिला कुणी विचारलं नव्हतं.

पुतणी आता स्वतः फ्रिज उघडते. पाणी ओतायची पाळी रविवारी माझी असते.